घायपात, वाख आणि खिडकीतली कुंडी

अलीकडे कुणाच्याही घरी जा, खिडकीत नाहीतर टीपॉयवर इवल्याशा कुंडीत गुबगुबीत पानांचं एक कमळ बसलेलं दिसतंच. सगळी पानं मध्यापासून गोल फिरत बाहेर उमललेली. नर्सरीवाले त्याला सक्युलंट म्हणतात आणि पानांच्या त्या रचनेला रोझेट. वाढदिवसाला भेट म्हणून देतात, लग्नात परतीचं वाण म्हणून देतात. आमच्या नात्यातल्या निम्म्या घरांत आता असं एखादं तरी रोप आहे. "पाणी किती घालायचं गं?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. त्याचं उत्तर शेवटी देते. पण त्याआधी थोडा इतिहास, कारण मला खरं सांगायचंय ते त्यातच आहे.

हे झाड नवीन आहे असं आपण धरून चालतो. आमचं आजोळ दौंड तालुक्यातलं राहू. तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ही कुंडी दाखवली तर तो हसेल. असल्याच गोल पानांचं, पण माणसाच्या छातीला लागेल एवढं झाड त्याने जन्मभर बांधावर पाहिलेलं असतं. त्याचं नाव घायपात. आणि ते कुणी हौस म्हणून लावलेलं नव्हतं.

आधी एक गोष्ट साफ करू. दिसायला सारखी असली तरी ही सगळी झाडं एका कुळातली नाहीत. कोरफड एका कुळातली, घायपात शतावरीच्या कुळातलं, आणि दुकानात मिळणारी एचेवेरिया पानफुटीच्या कुळातली. तिघांचे पूर्वज वेगळे, देश वेगळे. पण तिघांपुढे अडचण एकच होती: पाऊस थोडा आणि ऊन फार. त्यावर तिघांनी आपापल्या जागी एकच तोड काढली. पानं जाड करून त्यांत पाणी साठवायचं, वरून मेणाचा थर द्यायचा, आणि पानं अशी मांडायची की पडलेला थेंब घरंगळत मुळाशी जावा. आणखी एक गंमत म्हणजे या झाडांच्या पानांची छिद्रं दिवसा बंद असतात. ती रात्री उघडतात, हवा आत घेतात, आणि सकाळी उन्हं आली की दार लावून आत स्वयंपाक करतात. भर दुपारी दार उघडलं तर सगळं पाणी उडून जाईल ना!

या तिघांत आपल्याकडची जुनी ओळख कोरफडीची. तीही मूळची अरबस्तानाच्या बाजूची असं आता अभ्यासक मानतात, पण आपल्याकडे येऊन तिला इतकी शतकं झाली की आयुर्वेदाने तिला कुमारी, घृतकुमारी अशी नावं देऊन घरचीच करून टाकलं. तिच्या सालीखालचा पिवळा, कडू चीक वाळवला की काळा बोळ होतो. अरबी समुद्रातलं सोकोत्रा बेट या बोळाच्या व्यापारासाठी प्राचीन काळापासून नावाजलेलं होतं. आणि आपल्याकडे खेड्यातच काय, पुण्यातसुद्धा दारावर कोरफड उलटी टांगलेली तुम्ही पाहिली असेल. दृष्ट लागू नये म्हणून. माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन् महिने हिरवी राहते. जे झाड स्वतः असं मरायला नकार देतं ते घराची राखण करील, असं माणसांना वाटलं तर त्यात नवल नाही. युरोपातही हेच. इसवी सन ८०० च्या आसपास शार्लमेन राजाच्या जहागिरींसाठी काढलेल्या फर्मानात बागेत लावायच्या झाडांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्या शेवटी म्हटलंय की माळ्याने आपल्या घराच्या छपरावर अमुक एक झाड ठेवावं. ते झाड म्हणजे सेंपरवायवम, तेही असंच छोटं रोझेट. वीज पडू नये म्हणून ते कौलांत लावायची तिकडची समजूत. आपण दारात टांगली, त्यांनी छपरावर लावली, बाकी फरक नाही.

आता घायपात. हे मूळचं अमेरिका खंडातलं, मुख्यतः मेक्सिकोतलं. तिथले लोक हजारो वर्षं त्याच्यावर जगत होते. त्याच्या रसाची दारू, पानाच्या तंतूचं कापड, काट्याची सुई. कोलंबस १४९२ ला तिकडे पोचला आणि त्यानंतर मिरची, पेरू, अननस, काजू ही सगळी मंडळी जहाजात बसून जगभर निघाली. घायपातही त्याच वाटेने बाहेर पडलं. १७५३ साली लिनियसने या झाडांना 'अगेव्ह' हे शास्त्रीय नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ उमदा, भव्य असा काहीसा. कलकत्त्याच्या सरकारी बागेची झाडांची यादी १८१४ साली छापली गेली, त्यात रॉक्सबर्गने याच्या एका जातीला 'कँटाला' म्हटलं आहे. म्हणजे तोवर ते हिंदुस्थानात चांगलं रुळलेलं होतं.

मराठीने मात्र त्याला ग्रीक-बिक न बघता स्वतःचं नाव दिलं. घाय म्हणजे घाव आणि पात म्हणजे पान. त्याचा गर जखमेवर बांधत म्हणून घायपात की त्याचा काटा घाव करतो म्हणून घायपात, हे तुम्हीच ठरवा. ज्याने एकदा त्याच्या टोकाचा काटा खाल्लाय तो दुसरा अर्थ सांगेल. मराठवाड्याकडे यालाच केकताड म्हणतात.

आमच्या भागात याचा पसारा वाढला त्याला रेल्वेचाही हातभार आहे. १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली, १८५८ ला रूळ पुण्यापर्यंत आले आणि १८६० पर्यंत सोलापूर गाठलं गेलं. उरुळी, यवत, केडगाव, पाटस, दौंड ही स्टेशनं या मार्गावरचीच. एवढ्या लांबीच्या रुळांवर गुरंढोरं येऊ नयेत म्हणून कुंपण हवं. लोखंडी तारेला पैसे पडतात, लाकडाला वाळवी लागते. घायपाताला यातलं काहीच होत नाही. एकदा पिल्लं लावली की पाणी नाही, खत नाही, राखण नाही. गुरं तोंड लावत नाहीत. बुडाशी पिल्लं फुटत राहतात आणि कुंपण आपोआप दाट होत जातं. म्हणून देशभर रुळांच्या कडेने घायपात लावलं गेलं. जुन्या लोकांच्या आठवणीत रूळ आणि घायपात ही जोडी आहे ती त्यामुळे.

राहू हे मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. पुढे वाळकी, रांजणगाव सांडसपाशी दोन्हींचा संगम होतो. या पट्ट्याला राहूबेटच म्हणतात. आज कुणी तिकडे गेलं तर नजर पोचेल तिथवर ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर दिसेल. त्यामुळे हा मुलूख मूळचा पर्जन्यछायेतला आहे यावर विश्वास बसत नाही. नद्यांना पाणी होतं, पण ते शेतात चढवायचं तर मोट लागायची. आणि मोट म्हटली की दोर आला.

इथून पुढची गोष्ट दोराची आहे.

ज्यांनी मोट फक्त सिनेमात पाहिली त्यांच्यासाठी सांगते. कातड्याच्या मोटेला वरून एक जाड दोर, तो नाडा, आणि खालच्या सोंडेला एक बारीक दोर, तो सोंदूर. बैल उतारावरून चालले की दोन्ही ताणले जातात आणि मोट वर येते. दिवसभरात शेकडो खेपा, सगळा भार त्या दोरावर. तो तुटला तर मोट विहिरीत आणि बैल तोंडावर. शिवाय बैलाला कासरा, म्होरकी, वेसण. गाईला दावं. वासराला मुसकं. पाटीभर कडबा बांधायला चऱ्हाट. घरात दूधदुभतं टांगायला शिंकं. बाळाच्या पाळण्याला दोरी. लोखंडी खिळा नसला तरी घर चाले, पण दोराशिवाय शेतकऱ्याचा एक दिवस निघत नसे.

हा दोर ताग, अंबाडी आणि घायपात यांचा होई. घायपाताच्या तंतूला वाख म्हणतात. वाख काढणं आणि दोर वळणं हे गावगाड्यात मातंग समाजाकडे होतं. जुन्या कागदांत मांग म्हणून ज्यांची नोंद आहे तेच लोक. बलुतेदारीत शेतकऱ्याने सुगीला धान्य द्यायचं आणि त्यांनी वर्षभर दोर पुरवायचे. बैलपोळ्याला बैलाच्या अंगावर जी नवी म्होरकी, नवा कासरा चढायचा तो त्यांच्याच हातचा.

वाख काढणं म्हणजे काय काम होतं ते नीट समजून घ्या. आधी काटे सांभाळत पानं कापायची. ती भारे बांधून डबक्यात नाहीतर नदीच्या कडेला पाण्यात बुडवून ठेवायची, वर दगड ठेवायचे. आठवडा-दोन आठवड्यांत गर कुजतो. त्या पाण्याचा वास गावभर. मग ती कुजकी पानं बाहेर काढून दगडावर बडवायची, धुवायची, परत बडवायची. शेवटी पांढरे, लांब तंतू उरतात, ते उन्हात वाळवायचे. घायपाताच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते कातडीत घुसतात आणि अंगाची आग आग होते, खाज थांबत नाही, फोड येतात. हे काम करणाऱ्या बाया-माणसांचे हात कोपरापर्यंत सुजत. आणि एवढं करून मिळायचं किती? पानाच्या वजनात तंतू साधारण चार टक्के. म्हणजे शंभर किलो पानं कापा, वाहा, कुजवा, बडवा, तेव्हा चार किलो वाख हाती येणार. त्यानंतर दोर वळणं निराळंच.

लहानपणी आजीच्या तोंडून हे ऐकताना मला त्यातला फक्त घाण वास लक्षात राहिला होता. आता विचार करते तेव्हा दुसरंच जाणवतं. घायपाताचं कोणतं पान पिकलं, कोणतं कोवळं, किती दिवस पाण्यात ठेवलं तर तंतू सुटतो आणि किती दिवसांनी तोही सडतो, किती पदर घेतले तर नाडा बैलजोडीचा ताण सोसेल, हे सगळं ज्ञान होतं. ते मोजून-मापून, पिढ्यान् पिढ्या तपासून घेतलेलं होतं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांना गावाने वेशीबाहेर बसवलं. दोर घरात चालायचा, वळणारा उंबऱ्याबाहेर. यात भर घालण्यासारखं काही नाही, पण हे सोडून घायपाताचा इतिहास लिहिता येत नाही.

नावांचं बघा. खिडकीतल्या एचेवेरियाला नाव मिळालं ते अतानासिओ एचेवेरिया या मेक्सिकन चित्रकारावरून. स्पेनच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेत त्याने तिकडच्या वनस्पतींची चित्रं काढली आणि १८२८ साली द कांदोल या शास्त्रज्ञाने झाडाला त्याचं नाव दिलं. हावर्थिया हे नाव इंग्लंडच्या हावर्थवरून, तो या झाडांचा अभ्यासक. सिसल नावाचा जो दोर जगभर विकतात त्याला युकातानमधल्या सिसल बंदराचं नाव. आपल्या घायपाताच्या वाखालाही व्यापारात नाव होतं, 'बॉम्बे अलो'. अगेव्ह आणि अलो यांत इंग्रजी बोलीने गोंधळ घातलेला, आणि मान मिळाला तो मुंबईच्या बंदराला. चित्रकाराचं नाव राहिलं, शास्त्रज्ञाचं राहिलं, बंदरांची राहिली. ज्यांचे हात सुजले त्यांच्यापैकी कुणाचंही नाव कुठल्याच पानाला लागलं नाही.

तिकडे आफ्रिकेत याच झाडावर मोठा धंदा उभा राहिला. १८९३ साली हिंडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने फ्लोरिडातून सिसलची हजार रोपं मागवली. वाटेत बहुतेक मेली आणि आजच्या टांझानियात पोचली ती ६२ च. त्या बासष्टांची पिल्लं लावत लावत तिथे मळेच्या मळे झाले. सिसलचं एक झाड सात ते दहा वर्षं जगतं, तेवढ्यात दोनेकशे पानं देतं, आणि एका पानात हजारेक तंतू असतात. मळ्यांवर वाख काढायला यंत्रं आली. आपल्याकडे दगड आणि हात हीच यंत्रसामग्री राहिली.

मग १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉन निघालं. त्याला आणि त्याच्या भावंडांना राहूपर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचली. निळे-पिवळे प्लॅस्टिकचे दोर बाजारात आले. कुजत नाहीत, हलके, स्वस्त. त्याच सुमारास विजेचे पंप आले, मोटा गेल्या, नाडा-सोंदूर गेले. पुढे ट्रॅक्टर आला आणि कासराही अडगळीत गेला. वाख कुणाला नको झाला. त्या कामातली आग आणि खाज पाहता ते सुटलं हे बरंच झालं, हळहळण्याचं कारण नाही. बांधावरचं घायपात मात्र तसंच उभं राहिलं. माती धरून ठेवतं म्हणून पाणलोटाच्या कामांत बांधांवर आणि चरांच्या कडेने ते आजही लावतात. उसाच्या पट्ट्यात मात्र इंच इंच जमिनीला भाव आला, तिथे बांधच बारीक झाले आणि घायपात उपटलं गेलं.

आणि आता तेच रोझेट, आकाराने मुठीएवढं होऊन, सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून रंगीत कुंडीत बसून आपल्या घरी परत येतंय. असो.

आता तुमचा प्रश्न. पाणी किती घालायचं? या झाडांचा इतिहास कळला की उत्तर सांगावं लागत नाही. ही कुंपणाची झाडं. त्यांना कुणी कधी पाणी घातलं नाही.

तरी लिहूनच देते. कुंडीला खाली भोक हवंच, आणि मातीची कुंडी सर्वांत बरी. नुसती काळी माती घालू नका, ती पाणी धरून बसते. निम्मी माती आणि निम्म्यात जाड वाळू, मुरूम, विटेचे तुकडे. बांध कसा असतो ते आठवा. माती बोटभर खोल कोरडी झाली की मगच पाणी, आणि तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत. पाणी मुळाशी घाला, पानांच्या मधोमध साचू देऊ नका. सकाळचं ऊन भरपूर द्या. ऊन कमी पडलं की रोप मान लांब करून खिडकीकडे झुकतं आणि रोझेट विस्कटतं. एचेवेरिया मेक्सिकोच्या उंच, थंड रात्रींच्या मुलखातली आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तिला दुपारी सावली हवी. पावसाळ्यात ती वळचणीखाली घ्या, बहुतेक रोपं तहानेने नाही तर आषाढ-श्रावणात मूळ कुजून मरतात. पानांवरची पांढरी भुकटी पुसू नका, तो तिचा पदर आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन टिपून काढा.

एक पान अलगद पूर्ण काढून सावलीत दोन-चार दिवस सुकू द्या आणि मातीवर ठेवून द्या, एचेवेरियाला नवं रोप फुटतं. कोरफडीला आणि घायपाताला बुडाशी पिल्लं येतात, ती काढून लावा. कोरफडीचा गर वापरताना पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक निथळून जाऊ द्या. तो जालीम रेचक आहे, वैद्याला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर घायपात कुंडीत नको. आणि ते हाताळताना हातमोजे घाला. तुमच्याकडे आहेत, त्यांच्याकडे नव्हते.

घायपात आयुष्यात एकदाच फुलतं. शंभर वर्षांनी फुलतं म्हणतात ते खरं नाही, आपल्याकडे दहा-वीस वर्षांत मधून दांडा निघतो, दोन पुरुष उंच होतो आणि त्यानंतर झाड वाळून जातं. बऱ्याच जातींत त्या दांड्यावर बियांऐवजी तयार पिल्लंच लागतात आणि खाली पडून रुजतात. वाळलेला दांडा लोक छपराला वाशासारखा वापरत.

ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा शेतातले आहेत त्यांना एक सांगणं. सुट्टीत भेटाल तेव्हा दोरांची नावं विचारून लिहून घ्या. मी वर नाडा, सोंदूर, कासरा, म्होरकी, वेसण, दावं, मुसकं, चऱ्हाट, शिंकं एवढी लिहिली. प्रत्येक गावाकडे आणखी दोन-चार निघतील. आणि ते दोर गावात कोण वळायचं तेही विचारा, नावानिशी. कुणाला तरी आठवत असेल.